पाठ गेली, म्हणजे कोणते काम गेले?

पाठीच्या दुखापतीच्या दाव्यात अर्जदाराच्या बाजूने बहुतेक वेळा एकच कागद बोलतो: अपंगत्वाचा दाखला. त्यावर २५ टक्के लिहिले असतील तर शपथपत्रात २५, युक्तिवादात २५ आणि निवाड्यात २५ किंवा त्याहून थोडे कमी. हात किंवा पाय गमावलेला माणूस न्यायाधीशांना समोर दिसतो. मणका मोडलेला माणूस पिंजऱ्यात येतो, नाव-गाव सांगतो आणि स्वतःच्या पायांनी बाहेर जातो. दुखापत डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आकडाच दुखापत ठरतो. जखमींची वकीलपत्रे घेणाऱ्या आपल्या वाचकांना आमचे आग्रहाने सांगणे आहे की या दाव्यांत सर्वाधिक नुकसान त्या आकड्यापाशी थांबल्याने होते.

कायदा तिथे थांबत नाही. राज कुमार विरुद्ध अजय कुमार या ऑक्टोबर २०१०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कामाची विभागणी करून दिली आहे. शरीराची हानी किती, हे डॉक्टरांनी सांगायचे. कमाईची क्षमता किती गेली, हे न्यायाधिकरणाने ठरवायचे. त्यासाठी अपघातापूर्वी माणूस काय करत होता, आता त्यातले काय करू शकतो आणि दुसरे कोणते काम करून पोट भरू शकतो, हे पाहायचे. ही दृष्टी जुनीच आहे. १९२३च्या भरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बोटांच्या पेरांपर्यंतचे टक्के होते, मणक्याची मात्र नोंदच नव्हती. त्यामुळे पाठीच्या प्रत्येक दाव्यात कमाईच्या क्षमतेचाच विचार करावा लागे. आणि ज्याची नोंद होती, तिथेही आकडा अंतिम नव्हता. डावा हात कोपराच्या वर गमावलेल्या सुताराची क्षमता १०० टक्के गेली, हे प्रताप नारायण सिंह देव प्रकरणात १९७५ सालीच मान्य झाले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही.

वाशीच्या बाजार समितीत गोणी वाहणारा, ३४ वर्षांचा, महिना १५,००० रुपये कमावणारा एक माथाडी नमुन्यादाखल घ्या. ट्रकच्या धडकेत त्याचा कमरेचा पहिला मणका दबला आणि दाखला २५ टक्क्यांचा मिळाला. प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरले की महिना २१,००० आणि वर्षाचे २,५२,००० रुपये होतात. ही वाढ जखमींनाही मिळते, हे पप्पू देव यादव प्रकरणात २०२० साली पुन्हा स्पष्ट झाले आहे. सरला वर्मा निकालातला या वयाचा गुणक १६. जखमीच्या दाव्यात वैयक्तिक खर्चाची वजावट नाही. एकूण ४०,३२,००० रुपये. त्याचे २५ टक्के म्हणजे १०,०८,०००. पण गोणी उचलणे कायमचे बंद झाले आणि त्याला जमेल अशा बैठ्या कामात आधीच्या कमाईच्या ४० टक्केच मिळतील, असे सिद्ध झाले, तर क्षमतेची हानी ६० टक्के आणि रक्कम २४,१९,२०० रुपये. मणका तोच, दाखलाही तोच. मधले चौदा लाख केवळ पुराव्याचे आहेत.

हा पुरावा देणारा साक्षीदार दवाखान्यात सापडत नाही. टोळीचा मुकादम बोलवा. दिवसाला किती ५० किलोच्या गोण्या उतरतात, थप्पी लावताना वाकावे किती लागते, अपघातानंतर हा माणूस कामावर आला तेव्हा काय झाले, हे त्याच्या तोंडून नोंदले जाऊ द्या. माथाडी मंडळाकडची मजुरीची नोंद आधीची आणि नंतरची, दोन्ही मागवा. चालकाच्या बाबतीत सलग बसणे आणि रस्त्याचे हादरे यांबद्दल विचारा. गृहिणीच्या दाव्यात वाकणे, भरलेला हंडा उचलणे, लहान मूल कडेवर घेणे, यातले काय बंद झाले ते घरच्या माणसांकडून येऊ द्या. उलट, सरकारी नोकराला त्याच पगारावर हलके काम मिळाले असेल तर कमाईच्या हानीचा मोठा आकडा मागू नये. तो टिकत नाही. तिथे जगण्यातील सुखे हरवल्याच्या सदराखाली नेटाने मागावे.

डॉक्टरांनाही योग्य प्रश्न विचारायला हवेत. टक्केवारी संपूर्ण शरीराची आहे की फक्त कण्याची? किती वजन उचलण्यास मनाई आहे, किती वेळ उभे राहता येते? उपचार न केलेल्या डॉक्टरांचा तयार दाखला उलटतपासात कोसळतो, म्हणून ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनाच आणावे. ते येत नाहीत ही तक्रार खरी आहे. पण साक्षीची वेळ आधी ठरवून घेता येते, आयुक्तामार्फत साक्ष नोंदवता येते. अर्ज मात्र आपल्यालाच द्यावा लागतो.

विमा कंपनीचा हुकमी बचाव असतो, ‘ही तर वयाची झीज’. हा मुद्दा हलक्यात घेऊ नये. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या वैद्यकीय आढाव्यात, पाठदुखी अजिबात नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या तपासणीतही मणक्यांमधील चकतीची झीज दिसली. ऐंशीच्या वयात हे प्रमाण ९६ टक्के होते. म्हणजे अहवालात ‘झीज’ लिहिले म्हणून अपघातापूर्वी दुखणे होते असे होत नाही, आणि चकती फुगलेली दिसली म्हणून ती अपघातानेच फुगली असेही ठरत नाही. निर्णायक ठरतात पहिल्या काही दिवसांतले कागद. अपघात विभागाच्या केसपेपरवर पाठदुखीची नोंद आहे का? ताज्या अस्थिभंगात हाडाच्या आत आलेली सूज एमआरआयमध्ये दिसते आणि काही महिन्यांत ओसरते. तपासणी वर्षभराने केली तर हा पुरावा गेला. अपघातापूर्वीचे हजेरीपत्रकही काढावे. आदल्या दिवसापर्यंत गोणी वाहणाऱ्याची पाठ आधीच निकामी होती, असे म्हणणे कंपनीला अवघड जाते.

लोकअदालतीतल्या घाईबद्दल आम्हाला खरी काळजी वाटते. मज्जारज्जूला मार लागला असेल तर किती सुधारणा होणार हे कळायला अनेक महिने जातात. स्क्रू-पट्टी काढण्याची किंवा पुन्हा शस्त्रक्रियेची गरज नंतर पुढे येते. प्रकृती स्थिर होण्याआधी केलेल्या तडजोडीत हे खर्च धरले जात नाहीत आणि नंतर मागताही येत नाहीत. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला लघवीची नळी, शय्याव्रणांची मलमपट्टी आणि उचलून बसवणारे कोणीतरी आयुष्यभर लागते. ते काम बायको किंवा आई करते, म्हणून त्याची मागणीच होत नाही. काजल विरुद्ध जगदीश चंद या २०२०च्या निकालातली दुखापत मेंदूची होती, पण तिथे सर्वोच्च न्यायालयाने परिचारकांच्या खर्चालाही गुणक लावला. महिना १०,००० रुपये, गुणक १८, म्हणजे २१,६०,००० रुपये केवळ या एका सदराखाली. पाठीच्या गंभीर दाव्यांत हे सदर मूळ अर्जातच असावे, आणि ते नसेल तर प्रकरण निकालाला लागण्याआधी दुरुस्तीचा अर्ज द्यावा.