करुणामूर्तीचें मोल
नेपाळांतील पाटण शहरीं शाक्य कारागीर बौद्ध देवतांच्या ताम्रमूर्ति पिढ्यान्‌पिढ्या घडवीत आले आहेत. प्रथम मेणाची मूर्ति करून तीवर माती, शेण व भाताचा कोंडा यांचे लेप देतात. भट्टींत मेण वितळून गेलें म्हणजे त्या पोकळींत तांब्याचा रस ओततात. सांचा फोडल्यावांचून मूर्ति निघत नाहीं. म्हणून प्रत्येक मूर्ति एकटीच. मग छिन्नीनें कोरणी होते. शेवटीं सोनें व पारा यांचा लेप लावून मूर्ति तापवितात. पारा उडतो, सोनें राहतें. तें तेज आम्हांस मोहवितें खरें. परंतु पाऱ्याची विषारी वाफ कारागिराच्या छातींत जाते. करुणामय अवलोकितेश्वर घडविणारावर कोणी करुणा करावयाची? मूर्ति घेतांना आम्ही झळाळीपेक्षां कोरणी पाहूं. मुलाम्यावांचूनही तांबें सुंदरच दिसतें.