आंबट मागाहून

चिंच केव्हा घालावी, हा प्रश्न आम्हांस वयाच्या पासष्टाव्या वर्षी नव्याने पडेल असे कधी वाटले नव्हते. रोज आमटी करणाऱ्या बाईला हा प्रश्न पडत नाही. तिचा हात तो परस्पर सोडवीत असतो. परंतु हाताला ठाऊक असलेली गोष्ट तोंडाने सांगण्याची वेळ आली, की भल्याभल्यांची गाळण उडते. आमचीही उडाली. तीही एका अशा पदार्थाच्या निमित्ताने, की ज्याचे नाव आम्ही त्या दिवसापर्यंत ऐकलेही नव्हते.

उधन्यात आमचे बिऱ्हाड थाटून चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. खानदेशातून ताप्ती खोऱ्याच्या गाडीने येथे आलेल्या असंख्य कुटुंबांपैकी आमचे एक. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर येथील माणसाला आजही मुंबई-पुण्यापेक्षा उधना जवळचे वाटते. गाडीत बसावे नि मागांचा खडखडाट ऐकू आला की उतरावे, असा हिशेब. त्यामुळे आमच्या घरी गावाकडचे कोणी ना कोणी मुक्कामास असतेच. सध्या धाकट्या बहिणीची मुलगी आहे. ती डॉक्टर आहे, आणि अद्याप डॉक्टर नाही.

हे कोडे ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांस उलगडून सांगावयास नको. फिलिपीन्सच्या दक्षिणेस मिंदानाव नावाचे बेट आहे आणि त्यावर दावाओ नावाचे मोठे शहर. तेथे भारतातील मुले वैद्यकीय शिक्षणासाठी मोठ्या संख्येने जातात. परत आल्यावर मात्र येथे एक पात्रता परीक्षा द्यावी लागते. २००२ सालापासून ती चालू आहे. प्रश्न ३००, आणि उत्तीर्ण होण्यास १५० गुण हवेत. आमच्या भाचीला १४१ पडले. बापाने शेताचा एक तुकडा विकून तिला पाठविले होते. निकाल लागला त्या दिवसापासून तिने भिंतीकडे तोंड केले. जेवणाच्या ताटावर ती बसे, पण ते केवळ आमचे मन राखण्यासाठी. आम्ही भरीत केले, शेवभाजी केली, खापरावरचे मांडेही केले. तिने सारे चिवडले. चौथ्या दिवशी दुपारी ती आपण होऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, मी सिनिगांग करू का?"

सिनिगांग हे फिलिपीन्सचे आंबट कालवण. शिजवून रसदार करणे, एवढाच त्या तागालोग शब्दाचा अर्थ. डुकराच्या बरगड्या किंवा पोटाकडचे मांस पाण्यात मऊ शिजवायचे, त्यात कांदा, टोमॅटो, मुळा, अळकुड्या, वांगे, चवळीच्या लांब शेंगा, भेंडी, हिरव्या मिरच्या नि शेवटी नाळीची भाजी घालायची, आणि सगळ्याला कच्च्या चिंचेचे पाणी लावायचे. मसाला नाही, फोडणी नाही, वाटण नाही. पावसाळी हवेत, तापातून उठल्यावर, घरापासून दूर असताना तेथील माणसाला हेच आठवते म्हणतात. भाची यादी सांगत होती आणि आम्ही बोटे मोजीत होतो. यातली एकही वस्तू अशी नव्हती, की जी आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीपाशी मिळू नये! आंबटाची तर त्यांच्याकडे आपल्याइतकीच चंगळ. चिंच नसेल तर कैरी, कैरी नसेल तर गोव्याकडे ज्याला बिंबल म्हणतात ते फळ, तेही नसेल तर पेरू. ज्या गावी जे आंबट पिकेल ते त्या गावच्या सिनिगांगात. आपण परमुलखात राहिलेली मराठी माणसे तरी दुसरे काय करतो? सुरतेच्या मराठी घरात आमटीला कोकम आणि मापापेक्षा अंमळ जास्त गूळ कधी शिरला, हे आम्हांस सांगता येणार नाही. एवढे खरे, की आता गावी गेल्यावर तिथली आमटी आम्हांला तिखट लागते.

अडचण मांसाची होती. डुकराचे मांस आमच्या घरात शिजत नाही, आणि सत्त्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंपुढे तो विषय काढण्याची आमची छाती नव्हती. भाचीनेच मार्ग काढला. तिकडे हेच कालवण कोळंबीचे, माशाचे, गोमांसाचे, कोंबडीचेही होते. मग बोकडाच्या बरगड्यांचे का होऊ नये? सासूबाईंनी "बोकड ना? मग हरकत नाही," असे म्हणून माळेचे मणी पुढे सरकविले. गोव्याच्या नि वसईच्या ख्रिस्ती भगिनींनी मूळ कृती खुशाल करावी. वेळ कमीजास्त धरावा लागेल, तो पुढे सांगतो.

भाचीला वसतिगृहातल्या उघड्या पातेल्याची सवय. तेथे मांस दीड-दोन तास मंद आचेवर रटरटत ठेवीत. येथे तिने आमचा कुकर पाहिला आणि डॉक्टरी बुद्धीने हिशेब केला, की सगळे एकदमच आत टाकले तर अर्ध्या तासात काम होईल. मांस, मुळा, अळकुड्या, शेंगा, भेंडी, पाला, आणि वर कुस्करलेल्या चिंचांचे न गाळलेले पाणी. आम्ही बाहेर कपडे वाळत घालीत होतो. दोन शिट्ट्या झाल्या. तिसरी होईना. मग एक चमत्कारिक फुसफुस ऐकू आली आणि पाठोपाठ धडाका! चिंचेचा एक चोथा वाफेच्या नळीत जाऊन बसला होता. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून उडाला, हे आमचे नशीब. तो उडण्यासाठीच बसविलेला असतो, हे खरे. परंतु छतापर्यंत उडालेले आंबट पाणी पाहिल्यावर हे शास्त्र सुचत नाही. पोरीला कोठे भाजले नाही. भाजी-आमटी काही असो, झाकण लावण्यापूर्वी त्या नळीतून एकदा उजेड पाहावा, आणि कुकर दोन तृतीयांशांहून अधिक भरू नये. डाळ असेल तर अर्ध्यावरच थांबावे. आमचा पहिला कुकर १९८२ सालचा. तेव्हापासून आजतागायत ही दोन पथ्ये आम्ही पाळली, आणि ती भाचीला सांगावयाची मात्र राहून गेली.

राहिलेले सर्व पातेल्यात ओतून आम्ही गॅसवर ठेवले. तासभर उकळले. मांस चिवट होते ते बऱ्यापैकी मऊ झाले. अळकुड्यांचे मध्य मात्र करकरीतच राहिले. पाल्याचा रंग जुन्या खाकी कपड्यासारखा झाला. भेंडी कोठे गेली ते कळले नाही. भाचीने एक चमचा तोंडात घातला, चमचा ठेवला, आणि म्हणाली, "हेही जमलं नाही."

त्या "हेही"ने आमच्या पोटात कालवले. समजूत घालावी तर शब्द सुचेना. तेवढ्यात सासूबाई काठी टेकीत आल्या. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिले, एक अळकुडी नखाने दाबली आणि विचारले, "अंबाडी कशी करतात ते पोरीला कोणी दाखवलं नाही का?"

वाचक भगिनींच्या लक्षात एव्हाना आले असेल. खानदेशात अंबाडीची भाजी करताना पाला वेगळा उकडून, पिळून घेतात. तुरीची डाळ किंवा कण्या वेगळ्या शिजवितात, आणि त्या पुरत्या मऊ झाल्यावर मगच दोहोंची गाठ घालून देतात. आधी घातली तर डाळ जन्मात शिजत नाही. चिंचगुळाची आमटी करताना वरण घोटून झाल्यावरच आपण चिंच घालतो. बटाट्याच्या रश्शात टोमॅटो लवकर पडला, की बटाटा दाताखाली येतो. हे सारे आम्हांस ठाऊक होते, चाळीस वर्षे करीत होतो; पण फिलिपीन्सचे नाव ऐकून आम्ही आमचे ज्ञान फडताळात ठेवून दिले होते. "आते नको, मांगून," एवढेच सासूबाई अहिराणीत म्हणाल्या नि माळ घेऊन पुन्हा बसल्या.

यामागचे कारण भाचीनेच रात्री आपल्या पुस्तकी बोलीत आम्हांस समजावून सांगितले. बऱ्याच दिवसांनी ती काही समजावून सांगत होती, म्हणून आम्हीही मुद्दाम जास्त प्रश्न विचारले. भाजीच्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. पेरूची जेली घट्ट होते ती त्याच्याच योगाने. साध्या पाण्यात उकळताना तो हळूहळू विरघळतो आणि भाजी मऊ पडते. पाणी आंबट असेल तर तो विरघळण्यास फार वेळ घेतो. पाल्याचे तर आणखी वाईट. आंबट नि आच यांच्या संगतीत हरितद्रव्य आपल्यातले मॅग्नेशियम गमावून बसते, आणि हिरव्याचे खाकी होते. मांसाची गोष्ट वेगळी. त्यातला चिवट भाग उष्णतेने सुटून रसात उतरतो, आणि आंबटाने त्याला अडथळा होत नाही, उलट मदतच होते. गोव्याच्या विंदालूत डुकराचे मांस आरंभापासून व्हिनेगरात असते ते यामुळेच. तो पदार्थ पोर्तुगिजांच्या मद्य-लसणीच्या मुरवणीतून आलेला. त्यात भाजी नाही, तेव्हा तक्रार करायला कोणी नाही. नावात "आलू" ऐकून ज्यांनी त्यात पुढे बटाटे टाकले, त्यांनी ते कसे शिजविले कोण जाणे!

भांड्याचाही प्रश्न आहे. आंबट पदार्थ ॲल्युमिनियमला खातो. कुकर आतून काळवंडतो, चव बिघडते. आपल्या आज्या कल्हई उडालेल्या पितळीत चिंच घालीत नसत, कारण आमटी कळके. फिलिपीन्सच्या बायका हे कालवण मातीच्या मडक्यात करीत, त्यांस ही चिंता नव्हती. कुकर हे भांडे मुळात आंबटासाठी जन्मलेलेच नव्हे. देनी पापँ या फ्रेंच गृहस्थाने १६७९ साली ते योजले ते हाडे मऊ करण्यासाठी. आपल्याकडे १९५९ पासून ते देशी कारखान्यांत होऊ लागले, आणि डाळ-भाताने ते आपलेसे केले. त्याच्याकडून हाडांचे काम करून घ्यावे, भाजीचे घेऊ नये.

दोन दिवसांनी नवा व्हॉल्व्ह बसवून पुन्हा मांडले. पाऊण किलो बरगड्या, सहा पेले पाणी, एक मोठा कांदा, दोन टोमॅटो, मीठ. टोमॅटोचे आंबट मांसाला बाधत नाही. आधी उघड्यावर उकळी आणून वरचा फेस काढून टाकला. हे न केल्यास रस गढूळ होतो. मग झाकण लावले. पहिली शिट्टी झाल्यावर आच अगदी बारीक केली आणि घड्याळात वीस मिनिटे पाहिली. शिट्ट्या मोजण्याची आपली पद्धत आम्हांस कधीच पटली नाही. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या आठ मिनिटांत होतात आणि बारीक आचेवर अर्धा तास एकही होत नाही. आत पाणी १२० अंशांच्या आसपास तापलेले असते, ते किती मिनिटे तसे राहिले एवढेच मांसाला कळते. डुकराच्या बरगड्यांना पंचवीस मिनिटे द्यावीत, पोटाकडच्या जाड तुकड्यांना तीस. ते मांस आत कोठेही गुलाबी राहता कामा नये. वाफ आपोआप उतरू द्यावी. वर आलेली चरबी पळीने काढावी. बोकडाची थोडी निघते, डुकराची बरीच.

तोवर दुसऱ्या भांड्यात दहा-बारा हिरव्या चिंचा पाण्यात फुटेपर्यंत उकळल्या, कुस्करल्या नि गाळल्या. हिरव्या चिंचा हिवाळ्यात मिळतात. पिकलेली चिंच चालते, पण रस काळसर होतो आणि त्यात एक गोडसर घोळ येतो. मांसाचा रस स्टीलच्या पातेल्यात काढून त्यात प्रथम सोललेल्या अळकुड्या घातल्या. त्या सुरी सहज शिरेल इतक्या शिजल्यावर मुळ्याच्या चकत्या, मग शेंगा नि वांगे, मग सबंध भेंडी नि दोन मिरच्या. अळकुड्यांनी रस किंचित दाट झाला. सगळे मऊ झाल्याची खात्री पटल्यावर चिंचेचे पाणी, थोडे थोडे, चाखत चाखत. गॅस बंद केल्यावर नाळीचा पाला. ती न मिळाल्यास पालक घालावा. तिकडे मिठाऐवजी माशाचे खारवलेले पाणी घालतात. भाचीने त्याची आठवण काढली, पण सासूबाईंकडे पाहून आवाज न चढविता.

ती जेवली. पहिल्या घासाला डोळे मिटून बसली, मग भात मागून घेतला. एकदा नव्हे, तीनदा. पुढची परीक्षा जूनमध्ये आहे. त्या रात्री तिने पुस्तके पुन्हा टेबलावर काढलेली आम्ही पाहिली. विचारले मात्र काही नाही. सासूबाईंनी वाटीभर रस घेऊन त्यात ज्वारीची भाकरी कुस्करली, दोन घोट घेतले, आणि मिठाला कमी आहे असे सांगितले. वाटी मात्र रिकामी झाली. मग त्यांनी भाचीला जवळ बोलावून विचारले, की पेरूचे करतात म्हणालीस, तर ते कच्च्या पेरूचे की पिकलेल्या?

पिकलेल्या, असे भाची म्हणाली. रविवारी ते करावयाचे ठरले आहे. बिया गाळाव्या लागतील, त्यासाठी पुरणाची चाळण काढून ठेवली आहे.