घास कुणाच्या हातून?



परवा पेणमध्ये उपाश्रयाच्या पायरीवर रोबोचा विषय निघाला. एक बहीण म्हणाली, "आजाऱ्याला मशीनने भरवायचं? मग वैयावच्चाचं पुण्य मशीनला का?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी येईपर्यंत ते मनात टोचत राहिलं.

विषय होता गोव्याच्या बिपिन कदमांचा. फोंडा तालुक्यातल्या बेतोड्याचे, रोजंदारीवर काम करणारे. मुलगी दिव्यांग, तिला हात हलवता येत नाहीत. आई भरवायची, तर तीच अंथरुणाला खिळली. मग बाप काम सोडून भरवायला घरी यायचा. मुलीला वेळेवर खायला मिळेल असं काहीतरी करा, हा त्या माउलीचा हट्ट. बारा तास काम करून आल्यावर हे गृहस्थ शिकत बसायचे. चार महिन्यांत यंत्र तयार! नाव ठेवलं 'मां रोबो'. मुलगी तोंडाने सांगते, भाजी हवी की वरणभात, आणि तोच घास पुढे येतो. 2022 साली ही बातमी सगळीकडे आली होती.

ती सांगते, हे मला महत्त्वाचं वाटतं.

माझ्या सासूबाई पक्षाघातानंतर सहा वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांचा चौविहार मी कधी चुकू दिला नाही, याचा मला केवढा अभिमान! सूर्यास्ताच्या आत भराभर भरवायचं. पुढचा घास कसला, ते मीच ठरवायचे. दुपारनंतर त्या पाणीही नको म्हणत. मला वाटायचं, त्याग वाढला. नंतर नणंदेकडून कळलं, त्या म्हणाल्या होत्या, "तिला सारखी हाक मारायला जीव होत नाही."

दुसऱ्याच्या खाण्यापिण्यात आडवं आलं की अंतराय कर्म बांधतं, हे आपण नातवंडांना शिकवतो. मी सेवा करता करता ते बांधत होते का?

जयपूर फूट देणाऱ्या संस्थेला तर भगवान महावीरांचंच नाव आहे. तो पाय लावून कुणी चालू लागला, तर आपण विचारत नाही की आधार देणाऱ्याचं पुण्य बुडालं का. मग हाताचंच वेगळं का?

रांधणं, ताट वाढणं, तोंड पुसणं, जवळ बसणं आपल्याकडे राहणारच. ठसका लागला तर घरात माणूस हवंच, आणि पावसाळ्यात लाईट गेली की भरवायलाही आपणच. पण पर्युषणात संघातर्फे व्हीलचेअर देतो, त्या यादीत असं एखादं यंत्र का नसावं?

नणंद आणखी एक बोलली. आईला वरणभातासोबत लिंबाचं लोणचं लागायचं. मी सहा वर्षं समजत होते, त्यांना ते आवडत नाही.