एक यूजर म्हणजे नेमका कोण?

2019 सालची गोष्ट. खडेबाजारातल्या एका दुकानातून मी अँटिव्हायरसचा डबा घेतला. त्यावर छापले होते, '1 यूजर, 1 वर्ष'. हा यूजर म्हणजे घरचा कर्ता, अर्थात मीच, अशी माझी समजूत! वर्गात मुलांना शब्दांच्या अर्थछटा समजावून सांगणारा मी, पण या एका शब्दापाशी सपशेल फसलो.

तो अँटिव्हायरस बाहेरच्या खोलीतल्या जुन्या संगणकावर बसवला. दोन महिन्यांनी मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घेतला आणि तीच 'की', म्हणजे डब्यातला तो आकडे-अक्षरांचा लांबलचक क्रमांक, त्यावर टाकली. संगणक म्हणाला, ही की आधीच वापरात आहे. मग ओळखीच्या एका मुलाने जुन्या संगणकावरून अँटिव्हायरस काढला आणि लॅपटॉपवर चढवला. काम फुकटात झाले, म्हणून आम्ही खूश!

त्या दिवसापासून जुन्या संगणकाच्या कोपऱ्यात लाल फुली दिसू लागली. आमच्या सासूबाई बैलहोंगलच्या. नातीला मांडीशी घेऊन संगणकावर फोटो बघताना त्यांनीच प्रथम विचारले, "इदु याक केंप आगेद?" हे लाल का झालंय? मी म्हटले, "काही नाही, असंच येतं."

पुढे झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेन ड्राइव्ह त्याच संगणकाला लावला. संध्याकाळी पाहतो तर सगळे फोल्डर गायब, आणि त्यांच्या जागी नुसते शॉर्टकट. त्यातल्या एका फोल्डरमध्ये माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या आणि सासूबाईंचे 'बीसुव पद' होते. दोघींनी एकाच दुपारी आळीपाळीने म्हटलेली गाणी. आई आदल्याच वर्षी गेली होती. त्या रात्री घरात कुणी धड जेवले नाही.

नशीब बलवत्तर. त्या विषाणूने फायली पुसल्या नव्हत्या, फक्त लपवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या परत मिळाल्या. पण 2017 च्या मे महिन्यात जगभर पसरलेल्या 'वॉनाक्राय'सारखा फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा विषाणू असता, तर आईचा आवाज कायमचा गेला असता.

तेव्हा वाचकहो, मला उशिरा कळलेली गोष्ट तुम्हाला आधीच सांगतो. डब्यावरचा 'यूजर' म्हणजे बहुधा माणूस नसतो, तर एक यंत्र असते. हा परवाना म्हणजे बसचा पास समजा. एक पास, एक प्रवासी आणि ठरलेली तारीख. पास दुसऱ्याला दिला की पहिला बिनतिकीट! घरात तीन संगणक असतील तर रेशनकार्डासारखा परवाना हवा, ज्यात तिघांचीही नावे बसतील. '3 यूजर' किंवा '3 डिव्हाइस' असे लिहिलेला पॅक बहुधा तीन सुटे डबे घेण्यापेक्षा स्वस्त पडतो.

घेताना तीन गोष्टी पाहा. पहिली, मोबाईल त्यात मोजला जातो का? काही पॅक फक्त संगणकांसाठी असतात, काहींमध्ये फोनही एक जागा खातो. दुसरी, मुदत कधीपासून? दुकानातल्या डब्याची मुदत बहुधा की प्रथम नोंदवल्यापासून सुरू होते, म्हणून ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तिसरी, पैसे दरवर्षी खात्यातून आपोआप कापले जाणार आहेत का? नको असेल तर ती सोय वेळीच बंद करा.

संगणक बदलायचा असेल तर आधी जुन्यावरचा परवाना रीतसर सोडवा, मग नव्यावर नोंदवा. बिल आणि की जपून ठेवा. एकाच संगणकावर दोन अँटिव्हायरस बसवू नका. दोन सासवांच्या हाताखालच्या सुनेसारखी त्या संगणकाची गत होते! मुदत संपली तरी अँटिव्हायरसचे चित्र जागेवरच दिसत राहते, पण नव्या विषाणूंची ओळख त्याला मिळणे थांबते.

विकत घेतलाच पाहिजे असेही नाही. विंडोज 10 आणि 11 मध्ये मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे संरक्षण फुकट असते. आमच्या त्या जुन्या विंडोज 7 मध्ये तसे पुरेसे संरक्षण नव्हते. मात्र विंडोज 10 चा नियमित मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, हेही ध्यानात ठेवा.

आणि परवाना कितीही मोठा घेतला, तरी मोलाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर हवीच. आमच्या घरी ती आता कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी असते.

परवान्याच्या अटी ना मराठीत असतात ना कन्नडात, म्हणून आपण त्या न वाचताच 'मान्य' म्हणून टाकतो. निदान डब्यावरचा आकडा तरी वाचावा. आणि घरातल्या अज्जीने "हे लाल का झालंय?" असे विचारले, तर तिला 'असंच येतं' म्हणून गप्प करू नये.