मालिशचा धंदा आणि आजारी गिऱ्हाईक

चंपी-मालिशचा धंदा आपल्या समाजात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. हज्जाम, आखाड्यातील वस्ताद, मोहल्ल्यातील हाड बसवणारे, बाळंतिणीला तेल लावणाऱ्या खाला, या सर्वांची रोजी हातांवर चालते. मात्र गिऱ्हाईक बदलले आहे, याची दखल धंद्यात फारशी कुणी घेतलेली दिसत नाही. पूर्वी अंग रगडून घेणारा बहुधा धडधाकट असे: पहिलवान, हमाल, मागावर दिवसभर उभा राहणारा कारागीर. आज मालिशवाल्याला घरी बोलावणे येते ते साखर असलेल्या चाचांसाठी, लकवा झालेल्या आजोबांसाठी, गुडघे धरलेल्या दादीसाठी. गिऱ्हाईक आजारी आणि मालिश मात्र पहिलवानाची, असा प्रकार सर्रास चालू आहे.

आमच्याच घरातील गोष्ट सांगतो. मामू लांबच्या प्रवासाहून आले आणि दोन दिवसांत त्यांची एक पोटरी सुजली. थकवा असेल म्हणून मालिशवाल्याला बोलावले. तो तेल गरम करून बसलाही होता. घरातील एक मुलगी नर्सिंग शिकत होती, तिने पाय पाहिला आणि हात लावू दिला नाही. तपासणीत नसेत रक्ताची गुठळी निघाली. अशी गुठळी रगडल्याने सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जागीच दगावू शकतो. दोन्ही पाय दुखणे वेगळे. एकच पाय सुजलेला, गरम आणि दुखरा असेल तर त्याला दवाखान्यात पाठवावे. मालिशवाल्याचा यात काही दोष होता असे मी म्हणणार नाही. त्याला हे कुणी शिकवलेच नव्हते.

लकव्याच्या रोग्याचे हाल याहून जास्त होतात. निर्जीव झालेला हात खांद्यात सैल लोंबत असतो, कारण त्याला धरून ठेवणारे स्नायूच ढिले पडलेले असतात. आपले मालिशवाले तोच हात ओढतात, झटका देतात आणि ‘नस मोकळी केली’ म्हणतात. त्याने खांदा निखळतो आणि पुढे महिनोन् महिने दुखत राहतो. खरे तर हाताखाली आधार देऊन, खांदा न ओढता हळू हात फिरवावा लागतो. कोपराचेही तसेच. मूल पडले, कोपर दुखावले, प्लॅस्टर निघाले की घरचे लोक मालिश सुरू करतात. कोपराभोवती जोराने रगडल्याने स्नायूत हाड धरते आणि हात कायमचा वाकडा राहतो. हाडांच्या प्रत्येक डॉक्टराने अशी मुले पाहिलेली असतात.

साखरेच्या रोग्याचे तळवे बधिर झालेले असतात. तेल किती गरम आहे, दाब किती आहे हे त्याला कळतच नाही. त्याच्या ‘ठीक आहे’वर विसंबू नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्याच्या अंगावर जोराने रगडल्यास काळेनिळे डाग उठतात. ब्लडप्रेशरवाल्याला मालिशनंतर एकदम उठवू नये, चक्कर येते. दाढी झाल्यावर मानेचा कडाका काढण्याची खोड तर आपल्या दुकानांतून जायलाच हवी. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी त्यात फाटू शकते.

मग आजारी माणसाला हातच लावू नये काय? मुळीच नाही. कॅन्सरच्या रोग्याला मालिश केल्याने रोग पसरतो, ही भीती आज डॉक्टर मानत नाहीत. गाठीची जागा, ऑपरेशनची जखम आणि शेक दिलेली कातडी सोडून, डॉक्टरांना विचारून हलका हात फिरवला तर त्याला आराम पडतो, झोप लागते.

आपल्या तिब्बला तर हा भेद नवा नाही. युनानीत मालिशला दल्क म्हणतात. इब्न सीना यांनी ‘अल-कानून’मध्ये तिचे प्रकार सांगितले आहेत: कठीण वेगळी, मऊ वेगळी, फार वेळ चालणारी वेगळी, मध्यम वेगळी, आणि प्रत्येकीचा परिणाम निराळा. आपण त्यातील ‘कठीण’ तेवढी उचलली. गिऱ्हाईकही जोराचेच पैसे देते, हेही खरे.

आता धंद्याचे बोलू. ‘लकवा, साखर, कॅन्सर यांवर खात्रीचा इलाज’ अशा पाट्या लावणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने अशी जाहिरात गुन्हा ठरते. रीतसर नोंदणी नसताना डॉक्टरी करणाऱ्यावर महाराष्ट्रात 1961 च्या कायद्याखाली कारवाई होते. शरीअतचे पाहू गेल्यास, तिब्ब येत नसता इलाज करणारा नुकसानीस जबाबदार धरला जातो, अशी हदीस अबू दाऊदमध्ये आहे. पाटीवर फक्त ‘मालिश’ लिहावे आणि वही ठेवावी. वहीत गिऱ्हाईकाचे आजार, चालू गोळ्या, ऑपरेशन आणि डॉक्टराने काय मना केले ते लिहावे. पाच मिनिटांचे काम आहे. रोग्याची मालिश सावकाश असते, तिला वेळ लागतो, म्हणून दर जास्त लावण्यात गैर नाही; आणि असे घर एकदा मिळाले की आठवड्याला ठरलेली फेरी मिळते. बायकांसाठी तर हे काम घरबसल्या वाढण्यासारखे आहे, कारण आजारी आईला परक्या पुरुषाच्या हाती कोण देणार?

वर्सोवा, पुणे आणि मालेगाव येथे आपली युनानी महाविद्यालये आहेत. तेथे दल्क शिकवली जाते, पण ती होणाऱ्या हकिमांना. हज्जाम बिरादरीच्या पंचांनी आणि मोहल्ल्यातील जमातींनी त्यांच्याकडे अर्ज करून आठ-दहा रविवारांचा वर्ग मागावा. फी बैतुलमालमधून भरता येईल. सुरुवात हाड बसवणाऱ्यांपासून करावी. त्यांच्याकडेच सर्वांत जास्त रोगी येतात आणि तेच सर्वांत कमी विचारतात.