घर घ्यावें, पण दोनदां पाहून

सोलापूर शहर सोडून जवळच्या खेड्यांत घर घ्यावें, असें अनेक एकत्र कुटुंबांस वाटत असतें. विचार स्तुत्य आहे; परंतु ओसरी, अंगण व किंमत पाहूनच विसार देणाऱ्यांस आमची एक विनंति आहे: घर निरनिराळ्या ऋतूंत दोन वेळां पाहावें.

पहिली भेट वैशाखांत. या जिल्ह्यांत पाऊस बेताचा. आणि जमिनीखालीं काळा पाषाण असल्यानें पाणी त्याच्या भेगांतच सांठतें. आश्विनांत भरलेली विहीर वैशाखांत तळ दाखविते. तेव्हां पंप दोन तास चालवून पाणी किती उतरतें व पुन्हां किती वेळानें भरतें, हें घड्याळ लावून पाहावें. १९८० सालीं पुरें झालेल्या उजनी धरणाचें पाणी प्रत्येक खेड्यास मिळतेंच, असें समजूं नये.

दुसरी भेट भाद्रपदांत. येथें पावसाचा जोर सप्टेंबरांत असतो. काळी माती भिजून फुगली, कीं शोषखड्डा सांडपाणी पीत नाहीं व तें अंगणांत येतें. हा खड्डा विहिरीपासून निदान ६० फूट दूर व उताराच्या खालच्या अंगास हवा. कारण ज्या भेगांतून पाणी येतें, त्यांतूनच घाणहि येते. दिसावयास निर्मळ अशा पाण्यांतहि रोगजंतु असूं शकतात. म्हणून तें प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें. लिटरमागें ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असलेलें पाणी तान्ह्या बाळास देऊं नये. उकळल्यानें नायट्रेट जात नाहीं.

विकणारा घाई करील. परंतु दोन ऋतु धीर धरणें हें दर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहण्यापेक्षां खचित सोपें आहे.