छापणे, काढणे आणि तपासणे

मराठीत पुस्तक 'छापतात', कविता 'छापून येते', पण घरच्या किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातल्या यंत्रावरून कागदाची प्रिंट मात्र 'काढतात'. ही क्रियापदे आपण सहज वापरतो, म्हणून त्यांच्यातला फरक ध्यानात येत नाही. 'छापून येणे' या प्रयोगात लेखक कर्ता नसतो. कोणीतरी दूरवर निर्णय घेतलेला असतो आणि त्याचे फळ टपालाने आपल्या दारी येते. 'काढणे' हे क्रियापद वेगळ्या घराण्यातले आहे. विहिरीतून पाणी काढतात, बँकेतून पैसे काढतात, तलाठ्याकडून सातबारा काढतात. वस्तू आधीच कोठेतरी असते, ती फक्त बाहेर आणायची. पहिल्या क्रियापदात प्रतिष्ठा आहे, दुसऱ्यात केवळ खटाटोप. घरातील छपाईयंत्राकडे पाहण्याचा पिढ्यापिढ्यांतला फरक या दोन क्रियापदांच्या दरम्यान कोठेतरी आहे, असे आम्हांला वाटते.

बीड जिल्ह्यात आज अनेक शिक्षक-प्राध्यापकांच्या घरी हे यंत्र आहे. अंबाजोगाई, केज, माजलगाव, गेवराई, कोणत्याही गावी जा. दूरचित्रवाणी संचाशेजारी किंवा कपाटावर, धूळ बसू नये म्हणून रुमाल टाकलेले, ते दिसते. कोणी मुलांच्या शाळेसाठी घेतले, कोणी २०२० च्या टाळेबंदीत घेतले, कोणी प्रबंधाच्या दिवसांत. वापर मात्र बहुतेक घरांत एकच: अर्ज, प्रवेशपत्र, आधारकार्डाची प्रत, पीकविम्याची पावती. साहित्याच्या अध्यापकाच्या घरीसुद्धा या यंत्रातून साहित्य क्वचितच बाहेर येते. त्याचा विचार करण्याआधी दोन्ही पिढ्यांचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे, कारण दोघांकडेही कारणे आहेत.

जुन्या पिढीची कागदावरची निष्ठा हा निव्वळ जुनाटपणा नव्हे. या जिल्ह्याचा वाङ्मयीन इतिहासच टिकाऊपणाच्या ध्यासाचा आहे. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' शतकानुशतके हस्तलिखितांच्या नकलांवर जगला. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) तर कागदही अपुरा मानला आणि सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद कापडावर पंचीकरणाच्या ओव्या लिहून काढल्या. त्यांची ती 'पासोडी' साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दासोपंतांना रोज एका ढबू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. नकलेच्या त्या युगात प्रत्येक नक्कल थोडी वेगळी होई, पाठभेद वाढत. छापखाना आला तेव्हा त्याने दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे वेग नव्हे, तर एकसारखेपणा. मुंबईत वाचलेले आणि बीडमध्ये वाचलेले पान अक्षरश: एकच असू लागले. 'छापील' या विशेषणाला जे वजन आले ते तेथून.

त्यातही मराठवाड्याची गोष्ट निराळी. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि मराठी ग्रंथव्यवहाराची केंद्रे राज्याच्या सीमेपलीकडे, पुण्या-मुंबईला होती. अशा प्रदेशात एखाद्याचे मराठी नाव छापून येणे ही त्या घराच्या दृष्टीने घटनाच होती. कागद जपण्याची या पिढीची सवय व्यवहारातही खरी ठरली. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हा मोडीतील वा उर्दूतील एका ओळीवर कुटुंबाचे भवितव्य ठरू शकते, हे गावोगाव लोकांनी पाहिले. ट्रंकेच्या तळाशी घडी घालून ठेवलेला कागद ज्याने पाहिला आहे, त्याला 'सगळे ढगात साठवलेले आहे' हे आश्वासन पुरत नाही.

आता नव्या पिढीचे म्हणणे. तिच्या लेखी कागद म्हणजे कचेरीने लादलेला दंड आहे. सातबारा आता डिजिटल स्वाक्षरीचा मिळतो, त्यावर तलाठ्याच्या सहीची गरज नाही. तरीही खिडकीवरचा माणूस 'प्रिंट आणा' म्हणतो. महाविद्यालयात गृहपाठाचा मजकूर आधी संगणकीय फाइल म्हणून पाठवायचा आणि मग तोच छापून, पट्टी लावून द्यायचा. पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर कोणालाही वाचता येतात, पण विद्यापीठाला बांधीव प्रतीही हव्यात. ज्या मुलाने छपाईचा अनुभव फक्त अशा रांगांतून घेतला, त्याला कागदाविषयी प्रेम कसे वाटावे? त्याचे वाचन भ्रमणध्वनीवर होते. दुर्मीळ पुस्तक त्याला तेथेच सापडते. जिल्ह्याच्या ग्रंथालयात ते असेलच याची खात्री नाही. त्याला दोष देणारे आपण त्याला दुसरे काय देतो, हेही पाहिले पाहिजे.

मात्र संगणकीय मजकूर अमर असतो हा त्याचा समज तपासून घ्यायला हवा. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी, म्हणजे २००० च्या दशकात, आपल्याकडचा बहुतेक मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या निरनिराळ्या टंकांत जुळवला जाई. तो टंक यंत्रात नसेल तर आज तीच फाइल उघडल्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन ढिगारा दिसतो. फाइल शाबूत आहे, भाषा नाहीशी झाली आहे. त्याच मजकुराची तेव्हा काढलेली प्रिंट मात्र आजही वाचता येते. युनिकोडने हा प्रश्न बराचसा सोडवला, पण धडा उरतोच: वाचण्यासाठी दुसऱ्या यंत्राची गरज नसणे हा कागदाचा गुण लहान नाही.

म्हणजे कागद टिकतो हे ज्येष्ठांचे म्हणणे खरे, आणि कागदाचा बराचसा वापर निरर्थक उपचार बनला आहे हे तरुणांचे म्हणणेही खरे. आमचा आक्षेप वेगळाच आहे. दोन्ही पिढ्या छपाईला प्रवासाचा शेवटचा थांबा समजतात. ज्येष्ठ पक्का झालेला मजकूर जपण्यासाठी छापतात, तरुण पक्का झालेला मजकूर सादर करण्यासाठी छापतात. मजकूर अजून कच्चा असताना तो छापावा, हे कोणाच्याच मनात येत नाही. आणि घरच्या छपाईयंत्राचे खरे काम नेमके तेच आहे.

छापखान्यांचा जुना व्यवहार आठवावा. खिळे जुळवून झाले की लेखकाकडे कच्ची मुद्रिते येत. स्वत:च्या हस्ताक्षरातले लेखन वाचताना डोळा सवयीने घसरत जातो. आपण लिहिलेले नव्हे, तर लिहायचे होते ते वाचतो. मुद्रितांत मात्र तोच मजकूर परक्या, तटस्थ अक्षरांत समोर येई. फुगलेले विशेषण, दोन परिच्छेदांत आलेले तेच वाक्य, मध्येच तुटलेला युक्तिवाद तेथे उघडा पडे. म्हणून तर लेखक मुद्रितांवर दुरुस्त्यांचा पाऊस पाडत आणि पुन्हा खिळे काढून बसवावे लागल्याने मुद्रक वैतागत. पण ही संधी कोणाला मिळे? ज्याचे लेखन आधीच स्वीकारले गेले आहे त्यालाच. पाटोद्याच्या किंवा धारूरच्या नवशिक्या लेखकाला आपले लेखन परक्या नजरेने पाहण्याची सोय, पुण्या-मुंबईच्या संपादकाने होकार दिल्याशिवाय नव्हती. शिकण्याची सर्वाधिक गरज ज्याला होती, तोच तिच्यापासून दूर राहिला.

घरच्या यंत्राने हा क्रम उलटवला. कोणाच्याही होकाराविना, एकाच प्रतीपुरते, दोन-पाच रुपयांत कच्चे मुद्रित मिळू लागले. त्याला छोटा छापखाना समजणे ही गल्लत आहे. छापखाना अनेक प्रती काढतो आणि मजकूर लोकांत नेतो. १९५० च्या दशकातील 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवर काढले गेले, तेव्हा अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांचे सहकारी प्रस्थापितांना वळसा घालून वाचकांपर्यंत जाण्याची वाट शोधत होते. ते प्रकाशनच होते. आज प्रकाशनाची ती वाट पडद्यावर आहे, आणि ती कागदापेक्षा स्वस्त व विस्तीर्ण आहे. घरच्या यंत्राने त्या स्पर्धेत उतरू नये. त्याचा वाचक एकच: खुद्द लेखक.

आजच्या विद्यार्थ्याला या कच्च्या मुद्रिताची गरज आधीच्या पिढ्यांपेक्षा अधिक आहे. तो भ्रमणध्वनीवर लिहितो, पुष्कळदा बोलून लिहितो. गूगलची ही सोय मराठीत २०१७ मध्ये आली आणि ज्यांचा हात टंकलेखनाला सरावलेला नाही, त्यांना तिने लिहिते केले, हे मान्य करू या. पण बोलून लिहिलेल्या मजकुरात विरामचिन्हे हरवतात, आणि यंत्राला अनोळखी असा बोलीतला शब्द आला तर त्याजागी जवळचा दुसराच शब्द उमटतो. मराठवाड्याच्या मुलाने आजीच्या तोंडचा 'बैजवार' किंवा 'औंदा' उच्चारावा आणि पडद्यावर भलतेच काही यावे, हा धोका खरा आहे. तळहाताएवढ्या पडद्यावर एका वेळी दहा-बारा ओळी दिसतात. त्या सरकत जातात आणि चूक त्यांच्याबरोबर सरकून जाते. आपल्या बोलीवर उभे राहू पाहणाऱ्या लेखनाला ही साधी हानी नव्हे. ती पकडायची जागा म्हणजे समोर सपाट पसरलेले, पेन्सिलीची वाट पाहणारे पान.

कागदावरच्या वाचनाचा महिमा आम्ही गातो आहोत असे कोणी समजू नये. पाब्लो देल्गादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. एकूण वाचक पावणेदोन लाखांच्या घरात. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, विशेषत: वेळेचे बंधन असताना, असे त्यात दिसले, निव्वळ कथनपर मजकुरात मात्र तसा फरक आढळला नाही. म्हणजे कादंबरी पडद्यावर वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हिणवण्याचे कारण नाही. पण समीक्षालेख, युक्तिवाद, स्वत:चा प्रबंध या गोष्टी तपासताना कागदाकडे वळण्यास आधार आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला झाडांचा. तो रास्त आहे, पण कागदाची उधळपट्टी मसुद्याने होत नाही. ती एका बाजूला, दुप्पट अंतर सोडून छापलेल्या, कोणीही न उघडलेल्या बांधीव प्रतींनी होते. मसुद्याला पाठकोरा कागद चालतो. आपल्या कचेऱ्यांत आणि महाविद्यालयांत पाठकोऱ्या कागदांची रद्दी कमी नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. तोही काही अंशी यंत्राच्या निवडीचा प्रश्न आहे. द्रव शाईचे यंत्र आठवडेच्या आठवडे बंद राहिले तर शाई सुकून छिद्रे तुंबतात, आणि मग वापर होत नाही म्हणून बिघाड व बिघाड म्हणून वापर नाही, असे चक्र सुरू होते. लेझर यंत्रातली शाई म्हणजे कोरडी भुकटी. ती सुकण्याचा प्रश्न नाही. रंगीत छायाचित्रे छापायची नसतील तर काळ्या शाईचे साधे लेझर यंत्र मसुद्यांसाठी अधिक सोयीचे. ज्या विद्यार्थ्याला स्वत:चे यंत्र परवडत नाही, आणि ऊसतोडीच्या हंगामात ज्याचे आईवडील सहा-सहा महिने घराबाहेर असतात त्याला ते परवडणार नाहीच, त्याच्यासाठी मराठी विभागातले एक यंत्र पुरेसे आहे. मात्र ते यंत्र फक्त परिपत्रके ओकण्यासाठी ठेवलेले नसावे.

आमची सूचना म्हणूनच लहान आहे. प्रत्येक मराठी विभागाने गृहपाठाची अंतिम छापील प्रत मागणे सोडावे. ती फाइल म्हणून खुशाल यावी. त्याऐवजी विद्यार्थ्याने स्वत: खाडाखोड केलेला एक कच्चा मसुदा पाठकोऱ्या कागदावर छापून आणावा, आणि गुण त्या खाडाखोडीला असावेत. काय कापले, का कापले, कोणता शब्द परत आणला, हे विचारावे. दुसऱ्याच्या फाइलीतून जसेच्या तसे उचललेल्या, किंवा आता एखाद्या यंत्राकडून लिहून घेतलेल्या मजकुरावर अशी खाडाखोड करणे अवघड असते. जो मजकूर आपला नाही, त्यात नेमके काय चुकले हे आपल्याला ठाऊक नसते. ज्येष्ठ अध्यापकांनीही व्याख्यानाचे टिपण असेच छापून, विद्यार्थ्यांदेखत दुरुस्त करावे. लेखन ही पक्की अवतरणारी वस्तू नाही, एवढे जरी त्यातून दिसले तरी पुष्कळ झाले.

छापणे आणि काढणे या दोन क्रियापदांच्या मध्ये मराठीत एक तिसरे पूर्वीपासून आहे: तपासणे. 'मुद्रिते तपासणे' हा शब्दप्रयोग छापखान्याबरोबर आला आणि खिळ्यांबरोबर मागे पडू लागला. त्याला जिल्ह्याच्या गावी, विद्यार्थ्याच्या हाती पुन्हा आणणे शक्य आहे. यंत्र घरात आहेच. त्यावरचा रुमाल तेवढा काढायचा आहे.